डाव्याउजव्याची बेरीज

जबड्यात रबराचा ठोकळा, गालाच्या आत कापूस आणि डोळ्यांवर दिव्याचा पांढरा गोळा, अशा अवस्थेत कुणी कुणाचं अभिनंदन करू नये. पण दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलल्याशिवाय हात चालवता येत नसे, आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने सोयीचीच होती. "अभिनंदन हं तुमचं," दाढ कोरता कोरता त्या म्हणाल्या. "सकाळी रेडिओवर सांगत होते, खाडीतले डॉल्फिन तीन वर्षांत दुप्पट झाले म्हणे. आज दुपारी समितीची बैठक आहे, संकटग्रस्तांच्या यादीतून त्यांचं नाव काढणार. तुमच्या ताई बोलल्या. काय छान बोलल्या हो, मला तर भरून आलं." खुर्चीतल्या बाईच्या घशातून एक आवाज निघाला. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी यंत्र थांबवलं, चुकचुकल्या, आणि भुलीचं आणखी एक इंजेक्शन हिरडीत टोचलं. मग जीभ गेली, ओठ गेला, हनुवटीचा अर्धा भाग कुणा दुसऱ्याचा झाला. शिल्लक राहिला तो एक शब्द. दुप्पट.

तिला सगळे धाकटी म्हणत. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं, कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं, तरी धाकटीच. कारण डॉल्फिनांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संचालक म्हणजे ताई, आणि ताई साऱ्या संस्थेची ताई असली तरी रक्ताची ताई एकटीचीच, हिची. दोघी एकाच घरात राहत, एकाच गाडीने कामाला येत, आणि एकीला सर्दी झाली की दुसरीला आठवड्याच्या आत व्हायचीच. ताई बोलायची, धाकटी बघायची. ही वाटणी लहानपणीच झाली होती, कुणी केली ते आठवत नाही. पाहुणे आले की ताई पुढे होऊन विचारपूस करायची आणि धाकटी दाराआडून कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय ते टिपायची. पुढे त्याच बघण्यावर तिचं पोट चाललं. खाडीत नाव घालून डॉल्फिनांचे फोटो काढायचे, आणि मग महिनोन् महिने पडद्यासमोर बसून कोणता फोटो कुणाचा ते ओळखायचं. पाण्याबाहेर क्षणभर येतो तो पाठीवरचा पर. त्या पराची कड, कडेवरच्या खाचा, अंगावरचे ठिपके, जुने ओरखडे, यांवरून ती म्हणायची, ही मावशी, हा मुकादम, ही फाटकी, आणि हा त्या फाटकीचा गेल्या साली झालेला. नावं द्यायची तिला हौस होती. माणसांची नावं मात्र ती विसरायची, त्यामुळे लोक तिला शिष्ट म्हणायचे.

आता कुणी म्हटलं असतं की वाढले, थोडेफार सावरले, तर तिने त्या खुर्चीतल्या खुर्चीत आनंदाने डोळे पुसले असते. पण दुप्पट? डॉल्फिन म्हणजे काय ससे आहेत? एका मादीला तीन-चार वर्षांतून एक पिल्लू, त्यातलं जगेल ते खरं. बाहेरच्या समुद्रात याच जातीचे खंडीभर असतील, पण खाडीतले बाहेर जात नाहीत आणि बाहेरचे आत येत नाहीत. ही एवढीच वस्ती. ती तीन वर्षांत दुप्पट व्हायची म्हणजे एकच रस्ता होता, आणि तो रस्ता धाकटीला असा ठाऊक होता, जसा आपल्या घरातला दिव्याचा खटका अंधारातही हाताला लागतो. खाडीतल्या बहुतेकांच्या पराची कड साफ असते. त्यांना ओळखायचं ते ठिपक्यांवरून, आणि डाव्या अंगाचे ठिपके वेगळे, उजव्या अंगाचे वेगळे. कॅमेऱ्यासमोर एखादा वळला, दोन्ही अंगं एकापाठोपाठ दिसली, तरच जोडी लागते. नाहीतर एकच जनावर डावीकडून एक दिसतं आणि उजवीकडून दुसरं. म्हणून डाव्या फोटोंची मोजणी निराळी ठेवायची, उजव्यांची निराळी, आणि काय वाट्टेल ते झालं तरी या दोहोंची बेरीज करायची नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते ताईनेच.

रस्त्यावर येताना तिने गाल दाबून बघितला. बोटांना गाल लागत होता, गालाला बोट लागत नव्हतं. थांब्यावर तिच्याशेजारी एक म्हातारा उभा होता, त्याने बस किती वाजताची असं विचारलं आणि तिने तोंड उघडल्यावर आधी लाळच आली. म्हाताऱ्याने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. ती स्वतःची समजूत घालत होती. रेडिओवाले काय, काहीही बोलतात. ताई म्हणाली असेल, बरे आहेत, आणि त्यांनी केलं असेल दुप्पट. पण मग सकाळी चहा घेताना ताई गप्प का होती? रेडिओवर बोलणं आधी ध्वनिमुद्रित करतात, म्हणजे ते काल झालं असणार, परवा झालं असणार, आणि काल रात्री ताई तिच्याच पलंगाच्या कडेवर बसून पायाला तेल लावत कामवाल्या बाईच्या मुलीचं लग्न कसं मोडलं ते सांगत होती. अहवाल पुढच्या महिन्यात जाईल म्हणाली होती. आजची बैठक नुसती हजेरीची आहे, तू आली नाहीस तरी चालेल, तुझ्या दाढेचं बघ आधी, किती दिवस अंगावर काढणार आहेस, असं म्हणाली होती. आणि एवढ्यावर थांबली नव्हती. डॉक्टरीणबाईंना फोन ताईनेच केला होता. तारीख ताईनेच घेतली होती. बस आली आणि गेली, म्हातारा तीत बसून गेला, आणि धाकटी तिथेच उभी राहिली. दाढेची तारीख! एवढी साधी, एवढी मायेची युक्ती.

तिला तो आरसा आठवला. नवीन नवीन असताना, खाडीवर महिनाभर काढून, ती उड्या मारत ताईकडे गेली होती की मला दोन नवे सापडले, एक पोटाजवळ चंद्रकोर असलेला आणि एक नुसत्या ठिपक्यांचा. ताईने दोन्ही फोटो पाहिले, हसली नाही, रागावली नाही. तिला हाताला धरून हात धुवायच्या जागेपाशी नेलं, आरशासमोर आडवं उभं केलं. धाकटीच्या डाव्या गालावर तीळ आहे. ताई म्हणाली, इकडून पाहिलं तर तीळवाली. मग खांद्याला धरून तिला फिरवलं. तिकडून पाहिलं तर बिनतिळाची. म्हणून मला दोन बहिणी झाल्या का गं? दोघी इतक्या हसल्या होत्या की बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. त्यानंतर धाकटीने ती चूक कधी केली नाही. उलट तिला वेडच लागलं जोड्या लावायचं. एखादा उजवीकडून माहीत असलेला डावीकडून सापडेपर्यंत ती चार-चार वर्षं वाट पाहायची. मावशीची जोडी अशीच लागली. पिल्लू मेलेलं होतं, मावशी ते नाकाडाने ढकलत दिवसभर खाडीत फिरत होती, नावेभोवती तिने वळसा घातला आणि एका मिनिटात तिची दोन्ही अंगं धाकटीला मिळाली. त्या दिवशी फोटो काढताना तिला स्वतःची लाज वाटली होती. ताई वल्ह्यापाशी बसून रडत होती. ताईसुद्धा रडत होती, हे आज तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

पुढची बस पकडून ती संस्थेत पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. ओळख पटवायच्या खोलीत पडदे ओढलेले, यंत्रांचा घूं आवाज, आणि तिच्याच खुर्चीशेजारी नवा गणिती एकटाच बसलेला. मुलगा हुशार होता, परदेशातून शिकून आला होता, डॉल्फिन त्याने उभ्या जन्मात दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा नावेत त्याला ओकारी झाली होती. तिला पाहून तो उठलाच. आज तुम्ही येणार नव्हता ना, म्हणाला. तिने जड जिभेने विचारलं की आकडा कशावरून काढलास. त्याने भाबडेपणाने सगळं सांगितलं. ताईंनी फाईल दिली, तीत डावे-उजवे सगळे एकाखाली एक होते, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. जोड्यांचा रकाना? असा रकाना त्यात नव्हताच. त्यालाही शंका आली होती, नाही असं नाही, म्हणून त्याने विचारलं होतं. "ताई म्हणाल्या, हे सगळे वेगळे प्राणी आहेत, धाकटीने एकेक तपासलाय. तुमचं नाव घेतल्यावर मी कशाला पुढे विचारू?" तो म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत सावकाश खाली बसला. हुशारच तो. बोलता बोलताच त्याला उमगलं होतं.

म्हणजे नुसती बेरीज नव्हती. बेरीज माणूस घाईत करून बसतो, विसरतो, म्हातारपणी गोंधळतो. इथे लावलेल्या जोड्या बसून उसवल्या होत्या. मावशीची, मुकादमाची. वीस-बावीस वर्षांतली एकेक गाठ, धाकटीने डोळ्यांत तेल घालून मारलेली, ती ताईने कुणाला नकळत सोडवली, आणि वर धाकटीचंच नाव घेतलं. यासाठी किती संध्याकाळी ती मागे थांबली असेल? तू पुढे जा, मला कामं आहेत, म्हणायची. धाकटी घरी जाऊन तिच्यासाठी अन्न गरम ठेवायची. याला म्हणतात केसाने गळा कापणं. ती हे शब्द मनात म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, आपण ताईबद्दल असं म्हणतोय. आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांची सवय अशी की गळा कापला जातोय आणि आपण कापणाऱ्याचा हात दुखत नाही ना ते बघतोय.

ताईच्या खोलीत ती न विचारता शिरली. ताई खिडकीशी उभी राहून चष्मा पुसत होती, बैठकीसाठी नवं जाकीट घातलेलं, केस नीट मागे घेतलेले. तिने वळून पाहिलं, धाकटीचा सुजलेला गाल पाहिला, आणि पहिलं काय म्हणाली तर, अगं आधी बस, किती सुजलंय, कोमट पाण्याने चूळ भर. तिने स्वतः उठून पेला भरला. धाकटीने पेला घेतला नाही. "बेरीज केलीस?" तिने विचारलं. शब्द बोबडे आले, तरी कळले. आणि ताईने, हे मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं, कानावर हात ठेवले नाहीत. केली, म्हणाली. पेला टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. मग तिने शांतपणे सगळं सांगितलं, वर्गात धडा समजावून सांगावा तसं. बंदरवाल्यांना खाडीच्या तोंडाशी मोठ्या जहाजांसाठी खोल वाट खणायची आहे. संकटग्रस्तांच्या यादीत नाव आहे तोवर खणता येत नाही. पण आज नाही तर पाच वर्षांनी ते खणणारच, कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. आत्ता खणू दिलं तर ते संस्था चालवतील, नवी नाव देतील, पुढच्या पिढीचे पगार देतील. न दिलं तर संस्था या वर्षअखेर बंद, मग पाहणार कोण आणि मोजणार कोण. शिवाय ती थकली होती. तीस वर्षं प्रत्येक व्यासपीठावर उभं राहून कमी झाले, कमी झाले, असं सांगितलं. लोक जांभया द्यायला लागले. एकदा तरी चांगली बातमी सांगून उतरावं असं वाटलं. हे म्हणताना ताईचा आवाज खरोखरच कापला.

धाकटीने ऐकून घेतलं. यातलं निम्मं तिला पटलंसुद्धा असतं, ताईने आधी विचारलं असतं तर. दोघींनी बसून, भांडून, अबोला धरून, शेवटी काहीतरी ठरवलं असतं. तिने विचारलं ते एवढंच, मला का नाही सांगितलंस. ताईने टेबलावरचा टाचणीचा डबा उगाच सरकवला.

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," ती म्हणाली. "ते तुला जमलं नसतं. गप्प बसणं तुला जमतं. तू काही बोलणार नाहीस, हे धरूनच मी चालले होते."

त्यावर धाकटी काही बोलली नाही, आणि न बोलताच खोलीबाहेर आली, आणि जिन्यात आल्यावर तिला कळलं की ताईचं म्हणणं तिने तिथल्या तिथे खरं करून दाखवलं होतं. भूल उतरायला लागली होती, आधी मुंग्या, मग ठणका, आणि त्या ठणक्याचं तिला बरंच वाटलं, निदान तो तिचा स्वतःचा होता. लहानपणापासून तिच्या गप्प बसण्याला सगळे गुण म्हणत आले. गुणाची पोर, उलटून बोलत नाही. ताईच्या लग्नाची बोलणी फिसकटली तेव्हा खरं कारण एकट्या धाकटीला माहीत होतं, ती बोलली नाही. ताईने आईचे दागिने परस्पर मोडले, ती बोलली नाही. तिला वाटायचं हे प्रेम आहे, आणि ताईलाही ते प्रेमच वाटत असणार. आज कळलं की ताईने ते दावणीला बांधून ठेवलं होतं, वेळेला कामाला येईल म्हणून. डॉल्फिनांचा आकडा खोटा झाला याचा राग तिला होताच, पण तो राग असा स्वच्छ, बाहेरचा होता. हा दुसरा आतून येत होता आणि त्याला ओळखायला तिच्याजवळ नाव नव्हतं. तिने एवढं ठरवलं की बैठकीला जायचं. नाव यादीत राहिलं तर खाडीचं तोंड राहील, मावशी राहील. बोलायचं एकच वाक्य होतं. एक वाक्य बोलायला काय लागतं?

समितीची बैठक सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, थंडगार हवा. अध्यक्ष गृहस्थ सौम्य होते, जहाजावरून निवृत्त झालेले एक कप्तान होते, दोन प्राध्यापक, बंदराचा एक तरुण माणूस टोकाला बसून काहीही न लिहिता हातात पेन फिरवत होता. धाकटी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. ताईने तिला पाहिलं, क्षणभर थांबली, मग हसून मान हलवली, जणू काही बरं झालं आलीस. दिवे मंद केले. ताई बोलायला लागली आणि खरंच छान बोलली. तिच्या आवाजात ती खाडी होती, पहाटेचं धुकं होतं, पहिल्यांदा दिसलेला पर होता, यातलं काही खोटं नव्हतं. आणि मग पडद्यावर फोटो आले. एकेक येत होता आणि धाकटीच्या आत कुणीतरी हाका मारल्यासारखं हजेरी घेत होतं. फाटकी. मुकादम. आणि मग मावशी, उजव्या अंगाने, कुशीवर एक जुना ओरखडा. ताई म्हणाली, ही एक प्रौढ मादी. चार-पाच फोटो गेले. मग पुन्हा मावशी, डाव्या अंगाने, त्याच दिवसाचं तेच करडं पाणी, नाकाडापुढे तेच पिल्लू. फोटो असा छाटला होता की पिल्लू दिसू नये, पण कोपऱ्यात त्याच्या शेपटीचा तुकडा राहिला होता. ताई म्हणाली, ही दुसरी.

धाकटी उभी राहिली. आपण उभ्या राहिलोय हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं. "ही दुसरी नाही," ती म्हणाली. शब्द आता स्वच्छ येत होते. "मघाची तीच ही. डावी बाजू आणि उजवी बाजू. ओळखी मी पटवल्यात. सगळ्यांची अशीच बेरीज केलीय. दुप्पट कुणी झालेलं नाही, उलट कमीच झालेत." कुणीतरी दिवे लावले. कप्तान पुढे वाकले आणि म्हणाले, असं असेल तर तपासून घ्यायला काय हरकत आहे. धाकटीने गणित्याकडे पाहिलं. तो दुसऱ्या ओळीत बसला होता, त्याला सगळं माहीत होतं, आणि तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ठीक आहे, त्याचं वय काय, त्याची नोकरी काय. तिने ताईकडे पाहिलं. ताईकडे तिने इतक्या वर्षांत इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं, आता ताई रागावेल. किंवा पडेल चेहरा. किंवा कोण जाणे, म्हणेलही, हो, चुकलं. ताई यातलं काही न करता टेबलाला वळसा घालून तिच्यापर्यंत आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माफ करा," ताई समितीला म्हणाली, अगदी हळू. "हिला मधे बरं नव्हतं. मोठं आजारपण झालं होतं. मनाचं. पुन्हा तसंच सुरू होतंय की काय, अशी मला हल्ली भीती वाटतेय. मी हिला आज यायला नको म्हटलं होतं."

या आजारपणाची हकीकत या गोष्टीत इथवर आली नाही, कारण ती कुठेच येऊ द्यायची नाही असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. आई गेली त्या साली धाकटी तीन महिने इस्पितळात होती. आई शेजारच्या खोलीत आहे, असं तिला वाटायचं, ती आईची औषधं काढून ठेवायची, आईशी बोलायची, आणि कुणी नाही म्हटलं की किंचाळायची. त्या दिवसांत ताईने सगळं सोडून तिला सांभाळलं. न्हाऊ घातलं, वेणी घातली, तोंडात घास भरवला, आणि ती बरी होऊन घरी आली तेव्हा तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली होती, हे संपलं, हे आता कुणाला कळणार नाही, माझ्या तोंडून तर मेले तरी नाही. संस्थेत कुणाला माहीत नव्हतं. नातेवाइकांना वाटे परगावी गेली होती. धाकटी स्वतःसुद्धा त्या खोलीकडे मनाने कधी वळत नसे, इतका तिचा त्या शब्दावर विश्वास होता. आता तो शब्द लांब टेबलावर, पाण्याच्या बाटल्यांमध्ये, अनोळखी माणसांसमोर पडला होता.

आणि तिने पाहिलं की सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. तेच भयंकर होतं. कुणी तिला खोटं म्हटलं नाही, कुणी ओरडलं नाही. अध्यक्ष उठले, स्वतः पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. कप्तान खुर्चीत मागे टेकले आणि समोरचे कागद नीट करायला लागले. ती म्हणाली, मी बरी आहे, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे वाक्य जितक्या वेळा म्हणावं तितकं ते उलटं ऐकू येतं. मोठ्याने म्हणावं तर आणखीच. फोटो पुन्हा लावा, ती म्हणाली, कोपऱ्यात शेपटी आहे बघा. लावू, लावू हं, अध्यक्ष म्हणाले, जसं मुलाला म्हणतात. मग ठराव वाचून दाखवला गेला, हात वर झाले, कप्तानांचा थोडा उशिरा. खाडीतल्या डॉल्फिनांना यापुढे धोका नव्हता. कुणीतरी म्हणालं, बाईंना घरी सोडायची व्यवस्था करू या का. ताई म्हणाली, मी नेते. आम्ही एकत्रच राहतो.

खाली गाड्या लावायच्या जागेत ऊन उतरलं होतं. ताईने पर्स मागच्या सीटवर टाकली, पुढचं दार तिच्यासाठी उघडलं, आणि स्वतः पलीकडून येऊन चाकामागे बसली. किल्ली दोनदा घसरली. धाकटी उघड्या दाराशी उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, विचारायच्या होत्या पन्नास गोष्टी, पण आतून एकच वर आली.

"ताई, तुला खरंच वाटतं का, मला पुन्हा तसं होतंय?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, आणि त्या डोळ्यांत प्रेम होतं, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

"नाही गं," ती म्हणाली. "तू ठणठणीत आहेस. म्हणून तर मला तसं म्हणावं लागलं." मग तिने बाही डोळ्यांवरून फिरवली आणि गाडी सुरू केली. "बस आता. घरी जाऊन बोलू."

ती वाट बघत राहिली, धाकटी बसेल याची पूर्ण खात्री असल्यासारखी, नजर समोर, पाय ब्रेकवर. घरी जाऊन बोलू म्हणजे ताई बोलणार होती. धाकटीने दाराची कड धरली. दुसरं घर तिला नव्हतं, रात्री कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि कुणाला फोन करावा असं एकही नाव तिला आठवेना. तिने दार बाहेरून लावलं आणि फाटकाकडे चालायला लागली.